उचलून नेलेली मुंगी



आज मुंग्यांविषयी लिहिणार आहे. हसू नका. मुंग्यांवर जेवढं बोलणं आपल्या घरांत होतं, तेवढं दुसऱ्या कुठल्या घरात होत असेल असं मला वाटत नाही. १९८१ साली लग्न होऊन मी सांगलीच्या गावभागातल्या या घरात आले, तेव्हा आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या. पाणी गाळायचं कापड दुहेरी घ्यायचं, आणि ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर ओलं फडकं फिरवायचं नाही. गूळ कुठे सांडलाय ते आधी शोधायचं, तो उचलायचा, त्यांच्या वाटेवर हळदीची रेघ ओढायची आणि थांबायचं. "गूळ सांडला ही चूक तुझी. शिक्षा तिला कशाला?" असं त्यांचं म्हणणं. हळदीला आमच्याकडे तोटा नव्हता, घरचीच अडत होती. थोड्या वेळात रांग वळायची.

मुंग्यांना साखर घालायची तरी त्यांचा नियम होता. भिंतीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी. येण्याजाण्याच्या वाटेवर साखर टाकणाऱ्या बायकांवर त्या चिडायच्या. "पुण्य राहिलं बाजूला, त्यांना आपणच पायाखाली बोलावलं," म्हणायच्या.

पाठशाळेत आपण सगळ्या शिकलो आहोत की गांडूळ दोन इंद्रियांचं, मुंगी तीन इंद्रियांची आणि माशी चार इंद्रियांची. मुंगीला स्पर्श, चव आणि वास. मागच्या उन्हाळ्यात माझी नात पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आज्जी, यात तर मुंगीला डोळे दाखवलेत!" मी वाद घातला नाही. "तिचा संसार चालतो तो वासावर, हे तुझ्या पुस्तकालाही मान्य आहे ना?" असं विचारलं. पुस्तकाला ते मान्य होतं. मुंगी चालताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत वासाची रेघ सोडते आणि मागची ती हुंगत येते. हळदीने ती रेघ मोडते, म्हणून रांग वळते. आत्याबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं. असो.

मला सांगायचं आहे ते दुसरंच, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी बी. कॉम. आहे. १९८० साली आमच्या वर्गात आम्ही मोजून सहा मुली होतो. शेवटच्या वर्षी मी बँकेच्या भरतीची परीक्षा दिली होती. लग्नानंतर महिन्याभरात मुलाखतीचं पत्र आलं, ते माहेरून इथे पाठवलं गेलं आणि ओसरीवर सगळ्यांसमोर उघडलं गेलं. घरात त्या वेळी एक पाहुण्या आलेल्या होत्या, नात्यातल्याच. त्या हसत म्हणाल्या, "बघा हो, मुंगीला पंख फुटले!" ही म्हण तुम्हालाही माहीत आहे. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असा तिचा अर्थ. कोणी मला अडवलं नाही, हे खरं सांगायला हवं. आमचे हे तर म्हणाले होते, "जायचं तर जा, मी सोडतो." पण ते हसणं माझ्या कानात राहिलं आणि मी पत्र ट्रंकेत ठेवून दिलं. पुढे मुलगा झाला, मग मुलगी. ट्रंक माळ्यावर गेली.

पंखवाल्या मुंगीचं खरं काय असतं ते मला साठी उलटल्यावर कळलं. पाऊस पडला की वारुळातून पंखवाल्या माद्या आणि नर बाहेर पडतात. नर लवकर मरतात. मादीचे पंख उडून झाल्यावर गळतात, पुष्कळदा ती स्वतःच ते पायांनी मोडून टाकते. मग जमीन उकरून आत जाते, तोंड बंद करते आणि एकटी बसून पहिली पिल्लं वाढवते. कित्येक जातींत ती या काळात बाहेर येऊन काही खातही नाही. ज्या स्नायूंनी पंख हलायचे ते स्नायू तिच्या अंगातच विरघळतात आणि त्यावर ती पिल्लांना पोसते. म्हणजे पंख फुटलेली मुंगी मरायला निघालेली नसते, घर मांडायला निघालेली असते. वाटेत बऱ्याच मरतात, तो भाग वेगळा. पण जी जगते ती किती जगते! युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाने सांभाळून २८ वर्षं जगल्याची नोंद आहे. म्हण करणाऱ्याने हे पाहिलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच असंही वाटलं की राणीचं कौतुक करून मी स्वतःची समजूत काढते आहे. माझे पंख कोणी मोडले नाहीत, मी मोडलेही नाहीत. मी ते नीट घडी करून ठेवले आणि नंतर चाळीस वर्षं मला उचलून नेलं गेलं. उचलून नेणं म्हणजे काय, ते पुढे सांगते.

आमचे हे फार प्रेमळ माणूस. घरचा हिशोब मी लिहायची, पै-पैचा, ताळेबंद जुळेपर्यंत झोपायची नाही. पण घराच्या उंबऱ्याबाहेरचं सगळं ते बघायचे. बँक, विजेचं बिल, घरपट्टी, विमा, आयकर. माझ्या नावावर ठेवी होत्या. त्या किती आणि कुठे, हे मला साधारण ठाऊक होतं, जसं आपल्याला दूरच्या नातलगांची नावं ठाऊक असतात तसं. "तू कशाला उन्हात जातेस? इथे सही कर," म्हणायचे. मी करायची. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. होतेच मी.

२०१९ चा पूर तुमच्यापैकी सांगली-कोल्हापूरच्या सख्या विसरल्या नसतील. ऑगस्ट महिना. इर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा आधी कोणी मनावर घेतलं नाही. २००५ साली पायऱ्यांशी थांबलं होतं, आताही थांबेल, असा सगळ्यांचा हिशोब. मी मात्र आदल्या दिवशी दुपारी मागच्या भिंतीवर एक गोष्ट पाहिली होती. अंगणातल्या मुंग्या हजारोंनी वर चढत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा. आपण त्याला अंडी म्हणतो, पण ते बहुतेक अळ्या आणि कोश असतात, म्हणजे वाढीला लागलेली पिल्लं. एकीच्याही तोंडात साखरेचा कण किंवा धान्याचा दाणा नव्हता. मी ह्यांना हाक मारून दाखवलंसुद्धा. आम्ही दोघं बघत उभे राहिलो आणि मग चहा प्यायलो.

रात्री पाणी घरात आलं. आम्ही काय काय वर नेलं, ऐका. गव्हाचे दोन डबे. मिक्सर. माझ्या सहा रेशमी साड्या. पूजेची चांदीची भांडी. लग्नातला फोटो. मुलाची दहावीची ढाल! पहाटे तीनला वरच्या खोलीत सगळं रचून बसलो आणि ह्यांनी विचारलं, "इन्सुलिन?" ते खाली फ्रिजमध्ये होतं. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता.

दोन दिवस ह्यांना इन्सुलिन मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी होडी आली, तिच्यातल्या मुलांनी नाव लिहून घेतलं आणि संध्याकाळी परत येऊन खिडकीतून औषध दिलं. त्या दोन दिवसांत ह्यांचे ओठ कोरडे पडलेले, सारखं पाणी मागत होते, आणि शेजारी माझ्या सहा साड्या घडी न मोडता ठेवलेल्या. त्यातली एकही मी त्यानंतर नेसले नाही. दोन मुलीला दिल्या, बाकी तशाच आहेत.

त्या पुरातून हे वाचले. पण २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. झोपेतच. शांत गेले असं सगळे म्हणतात, मीही म्हणते.

तेराव्या दिवसानंतर मुलाने कागदांची पिशवी उघडली. तो पुण्याला असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि आपल्या वडिलांसारखाच प्रेमळ आहे. दर शनिवारी गाडी घेऊन यायचा. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, ठेवींवरची नावं, घराचा सिटी सर्व्हेचा उतारा. मी काही विचारायला गेले की म्हणायचा, "अगं आई, दे इकडे. तुला कशाला त्रास?" जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली करून ठेवायचा. मी फुल्या शोधत सह्या करायची. जूनमध्ये त्याने शेवटचा कागद आणला, कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. माझ्या वतीने सगळे व्यवहार तो करणार, मी पुण्याला त्यांच्याकडे राहायला जाणार आणि हे घर पुढेमागे विकायचं. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हे मी देवासमोर सांगेन. मी म्हटलं, वाचून ठेवते, पुढच्या शनिवारी सही करते.

तो शनिवार आला त्याच्या आधी, आषाढातल्या एका सकाळी, माझ्या हातून हिंसा झाली. अंगणात जास्वंदीची कुंडी आहे. तिच्याखाली पाणी साचतंय असं वाटून मी ती सरकवली. खाली पाहिलं नाही. नेहमी पाहते, त्या दिवशी नाही पाहिलं. मन त्या मसुद्यात होतं. आपल्याकडे याला प्रमाद म्हणतात. जीव गेला यापेक्षा बेसावधपणे गेला हा दोष मोठा. कुंडीखाली मोठ्या काळ्या मुंग्यांचं घर होतं, साधारण शंभरेक असतील. काही चिरडल्या. उरलेल्या उघड्यावर, वर पावसाची भुरभुर. मी छत्री आणून त्यांच्यावर धरली आणि णमोकार म्हणत उभी राहिले. शेजारच्या मुलाने गॅलरीतून पाहिलं, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

उभी राहिले म्हणून पाहायला मिळालं. या मुंग्यांनी रांग केली नाही. काही वेळ सगळा गोंधळ, मग त्यातल्या काही बाहेर जाऊन आल्या. नंतर एकेक मुंगी दुसरीला घेऊन निघाली. दोघीच. पुढची चार पावलं चालायची आणि थांबायची. मागची आपल्या मिशांनी तिच्या पाठीला, पायांना टपटप हात लावायची, तेव्हा पुढची परत चालायची. मागची जरा कुठे रेंगाळली की पुढची जागच्या जागी उभी. एक जोडी तर तुळईच्या फटीशी चुकली, पुढची थांबून राहिली, मागची इकडेतिकडे फिरून परत तिला लागली, मग निघाल्या. कुंडीपासून न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत दहा-बारा फूट. किती वेळ लावला त्यांनी! पिल्लांना मात्र तोंडात उचलून नेत होत्या. पिल्लांना उचलून आणि मोठ्यांना चालवून.

मी हे सुनेला फोनवर सांगितलं. ती नोकरी करते, तिला वेळ नसतो, पण त्या रात्री तिने मला वाचायला दोन-तीन लेख पाठवले. असं घर बदलणाऱ्या काळ्या मुंग्या आपल्या देशात आहेत आणि कोलकात्याजवळच्या संशोधन संस्थेत त्यांच्यावर बरंच काम झालंय. दुसरा लेख इंग्लंडमधल्या अगदी बारीक मुंग्यांवरचा होता. २००६ साली तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी असं मांडलं की ही जोडीची चाल म्हणजे चक्क शिकवणं आहे. पुढची मुंगी एकटी गेली असती तर जवळजवळ चौपट वेगाने पोचली असती. मागचीला वाट कळावी म्हणून ती स्वतःचा वेळ घालवते.

पण मी थबकले ते तिसऱ्या लेखापाशी. त्याच बारीक मुंग्या घर बदलताना दोन्ही रीती वापरतात. आधी जोडीने चालत जाऊन काहीजणींना वाट दाखवतात. नव्या घरात पुरेशा मुंग्या जमल्या की मग उरलेल्यांना सरळ उचलून आणतात. उचलून नेणं तिप्पट वेगाचं पडतं. मात्र उचललेली मुंगी अंग मुडपून, उलट्या तोंडाने, पाठीमागे बघत जाते. ती नव्या घरी सुखरूप पोचते, पण वाट तिला कळलेली नसते.

मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. ह्यांचा हसरा चेहरा समोर आला. "तू कशाला उन्हात जातेस?"

सख्यांनो, आपण दर चातुर्मासात बारा भावना म्हणतो. त्यातली एकत्व भावना मला पाठ आहे, जीव एकटा येतो आणि एकटा जातो. मरणाच्या संदर्भात मी ती शेकडो वेळा म्हटली असेन, ह्यांच्या उशाशी बसूनही म्हटली. पण जिवंत बाईला बँकेत एकटं जावं लागतं हे काही त्यात माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि आपले तीर्थंकर तरी काय करतात? ज्यांच्यापुढे आपण अक्षता वाहतो ते कोणालाही उचलून मोक्षाला नेत नाहीत. ते मार्ग दाखवतात, चालायचं आपणच. हे लहानपणापासून ऐकलेलं. ते मला एका कुंडीखालच्या तीन इंद्रियांच्या जीवाने समजावून द्यावं लागलं, याची थोडी लाजही वाटली.

शनिवारी मुलगा आला. मी त्याला सांगितलं की मी सही करणार नाही. त्याचा चेहरा पडला. "आई, माझ्यावर विश्वास नाही का?" या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं सांगा. विश्वास आहे म्हणूनच तर चाळीस वर्षं वाट बघितली नाही. मी त्याला मुंग्यांचं सांगायला गेले, तर तो म्हणाला, "आई, प्लीज." आणि रात्री न थांबता परत गेला. चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला, पण बोलणं औषधांपुरतंच.

शिकवलं सुनेने. ते लग्न ठरलं तेव्हा मी तिच्याविषयी मनातल्या मनात बरंच काही म्हटलं होतं, ते इथे लिहीत नाही. ती ऑगस्टमध्ये दोन दिवस रजा काढून आली. बँकेत माझ्याबरोबर आली आणि काउंटरपासून चार हात लांब खुर्चीत बसली. "आई, तुम्ही विचारा. अडलं तर मी आहे." मी चलन चुकीचं भरलं. फाडलं. दुसरं भरलं. त्याच्यावर तारीख राहिली. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने मोठ्याने उसासा टाकला. मी वळून तिच्याकडे पाहिलं, तिने फक्त मान हलवली. उठली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता! घरी आल्यावर फोनवरून विजेचं बिल भरायला शिकवतानाही तसंच. फोन माझ्याच हातात. मी चुकीचं बटण दाबलं की तिचा हात पुढे यायचा आणि मागे जायचा. मुलाने हेच काम अर्ध्या मिनिटात करून दिलं असतं. आम्हाला पाऊण तास लागला.

दिवाळीआधी मी एकटी जाऊन पासबुक भरून आणलं आणि रात्री चष्मा लावून ओळ न् ओळ पाहिली. जुनी सवय, आकडे दिसले की हात आपोआप बेरीज करतो. ठेवींच्या व्याजातून दर तिमाहीला दहा टक्के कर कापला जात होता. दोन तिमाहींचे मिळून नऊ हजार. माझं वर्षाचं एकूण उत्पन्न करपात्रच नाही, मग कर कशाचा? सुनेला विचारलं, तिने सांगितलं नाही, शोधायला लावलं. फॉर्म १५ एच! साठीच्या पुढच्या माणसाला कर लागत नसेल तर तेव्हा दरवर्षी हा फॉर्म बँकेला द्यावा लागायचा, म्हणजे व्याजातून कर कापत नसत. ह्यांच्या हयातीत एप्रिल उजाडला की ते एक कागद पुढे करायचे आणि मी सही करायची, तो हाच. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो भरायचा राहून गेला होता. मुलाच्या हातूनच राहिला. बिचाऱ्याला किती ठिकाणी लक्ष पुरणार? मी पुढच्यासाठी फॉर्म दिला आणि कापलेले नऊ हजार विवरणपत्र भरल्यावर परत मिळाले. मुलाला फोन करून सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, मग हसला. "बी. कॉम. बाई!" म्हणाला. बरेच महिन्यांनी तसा हसला.

सख्यांनो, तुमच्यातल्या ज्यांना अजून ठाऊक नसेल त्यांनी बँकेत अशा फॉर्मची चौकशी करा. आपल्या नावावरच्या ठेवी कुठे आहेत, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय, हे एका वहीत स्वतःच्या हाताने लिहा. मालक घरात असतानाच विचारा. विचारलं म्हणून अपशकुन होत नाही.

मुंग्यांचं आणखी एक सांगायचं राहिलं. कामकरी मुंग्या सगळ्या बायकाच असतात, हे तुम्हाला माहीत असेल. त्यांच्यात तरुण मुंग्या आत राहून पिल्लं सांभाळतात आणि वय झालेल्या बाहेरच्या कामाला जातात. बाहेर धोका असतो, ऊन, पाऊस, पक्षी, आपले पाय. तो धोका म्हाताऱ्या घेतात. आपल्याकडे नेमकं उलटं. साठी झाली की "आता घरात बसा, जपमाळ ओढा." मी जपमाळ ओढते, रोज ओढते. पण अकराला छत्री घेऊन बाहेरही पडते. घरपट्टी मीच भरून येते. घर अजून विकलेलं नाही. मुलाला ते पूर्ण पटलंय असं नाही, पुढच्या पुराला काय करशील, असं तो विचारतो. त्याचा प्रश्न बरोबर आहे. वरच्या खोलीत माझी एक पिशवी तयार असते, त्यात औषधं, चष्म्याचा नंबर, कागदांच्या नकला आणि ती वही. साड्या नाहीत.

आणि स्वतःकडे पाहिलं तर मीही काही कमी उचलापाचल केलेली नाही. मुलाला वयाच्या तेविसाव्या वर्षी कुकर लावता येत नव्हता, तो माझाच पराक्रम. तोच त्याच्या बाबतीत मी केलेला लाड आज सुनेला महाग पडतोय, हे मला दिसतं. नात सुट्टीत येते तेव्हा ती संत्रं सोलायला घेते, सालीबरोबर अर्धा रस सांडते, आणि माझे हात शिवशिवतात. कधी आवरते, कधी नाही आवरत.

गेल्या महिन्यात मंदिरातली एक ताई माझ्याकडे आली. तिचे यजमान यंदा चैत्रात गेले. हातात पिशवी, पिशवीत पासबुकं, आणि डोळ्यांत तेच जे माझ्या डोळ्यांत होतं. "तुम्हाला सगळं येतं म्हणे. तुम्हीच भरून द्या ना, मी सही करते." मी हो म्हणणार होते. पाच मिनिटांचं काम, आणि बाई रडवेली झालेली.

आम्ही दोघी बँकेत गेलो. मी फॉर्म मागून घेतला, पेन तिच्या हातात दिलं आणि शेजारी बसले. तिने नाव लिहिलं. पत्ता लिहिला. खातेक्रमांकाच्या रकान्यापाशी थांबली, पासबुक उलटंसुलटं केलं आणि माझ्या मनगटाला हात लावला. मी पासबुकाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. ती एकेक आकडा मोठ्याने म्हणत लिहायला लागली. सातव्या आकड्याशी चुकली, खोडलं. मागे रांग वाढत होती. मी पर्स मांडीवर घेतली आणि टेकून बसले.